नकाशातून वगळलेले बंदर

उन्हाळ्याची सुट्टी जवळ येऊ लागली की वृत्तपत्रांतून परदेशी सहलींच्या जाहिराती झळकू लागतात. त्यांत अलीकडे जलपर्यटनाच्या, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेल्या शब्दात सांगायचे तर ‘क्रूझ’च्या जाहिरातीही असतात. परवा अशाच एका जाहिरातीत बाल्टिक समुद्रातील सहलीचा नकाशा पाहण्यात आला. स्टॉकहोम, टालिन, हेलसिंकी अशी बंदरे जोडीत जाणारी ठळक रेषा हेलसिंकीपाशी थांबते आणि तेथून मागे वळते. तिच्यापुढे फिनलंडच्या आखाताचे पूर्वेकडील टोक निळ्या रंगात कोरे सोडलेले आहे. ज्याने पूर्वीचे नकाशे पाहिलेले नाहीत, त्याला या कोऱ्या जागेत काही खटकणार नाही. परंतु २०१९ पर्यंत या सहलींचा मुख्य मुक्कामच त्या टोकाशी असे. तेथे जहाज बहुधा दोन दिवस थांबे, आणि बाकीची बंदरे त्या मुक्कामाच्या अलीकडची-पलीकडची समजली जात. ते शहर म्हणजे सेंट पीटर्सबर्ग.

२०१९ च्या जून महिन्यात, नात्यातील एका कुटुंबाच्या आग्रहामुळे, प्रस्तुत लेखकाला त्या बंदरावर दोन दिवस उतरण्याची संधी मिळाली. त्या दोन दिवसांच्या आठवणी सांगणे हा या लेखाचा हेतू आहेच. परंतु केवळ तेवढाच नाही. एखाद्या शहराशी असलेला संबंध तुटला म्हणजे नेमके काय तुटते, आणि त्याची किंमत कोणत्या वहीत मांडायची, हा प्रश्न त्या कोऱ्या जागेकडे पाहताना मनात आला. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला तो टाळता येण्यासारखा नाही.

जहाज पहाटे क्रोनश्टाटजवळील पूरप्रतिबंधक बांधाच्या मोकळ्या भागातून आत शिरले. जूनमध्ये तेथे रात्र अशी होतच नाही. मध्यरात्रीही आकाशात दूधट प्रकाश रेंगाळत असतो. किनाऱ्यावर ४६२ मीटर उंचीचा, एका वायुकंपनीसाठी उभारलेला काचेचा मनोरा दिसत होता. वासिलियेव्स्की बेटाच्या पश्चिम अंगाला समुद्रात भर घालून बांधलेल्या धक्क्याला जहाज लागले. तेथे एका वेळी सात जहाजे उभी राहू शकत, आणि त्या दिवशी आमच्या शेजारी आणखी तीन उभी होती. त्या काळी जहाजातून येणाऱ्या प्रवाशाला, तो अधिकृत सहलीच्या गटात राहणार असेल तर, ७२ तासांपर्यंत व्हिसा लागत नसे. ज्या राष्ट्राच्या सरहद्दी एके काळी पोलादी पडद्याने झाकलेल्या होत्या, त्याच्या दारातून भारतीय पारपत्र हाती घेतलेला एक मास्तर केवळ एका शिक्क्यावर आत गेला, ही गोष्ट त्या क्षणी फारशी विशेष वाटली नाही. उघड्या दाराचे महत्त्व कोणाला वाटते?

आमच्या गटाची मार्गदर्शिका साठीच्या आसपासची बाई होती. सोव्हिएत काळात ती एका कारखान्यात अभियंता होती; कारखाना बंद पडल्यावर इंग्रजीचा अभ्यास करून तिने हा व्यवसाय पत्करला होता. हातात क्रमांकाची पाटी धरून ती आम्हाला शाळेतल्या मुलांसारखी मोजून बसमध्ये चढवीत असे. हर्मिटेज संग्रहालयात रेम्ब्रांटच्या ‘उधळ्या पुत्राचे पुनरागमन’ या चित्रापुढे आमचा गट थांबला. मात्र चित्राविषयी फारसे न बोलता तिने आम्हाला त्याच्या चौकटीकडे पाहावयास सांगितले. १९४१ मध्ये जर्मन सैन्य चाल करून येऊ लागले, तेव्हा येथील कलावस्तू दोन आगगाड्या भरून उरल पर्वताकडे, स्वेर्दलोव्स्कला हलविण्यात आल्या. चित्रे गेली, चौकटी मात्र भिंतींवर तशाच राहिल्या. वेढ्याच्या काळात संग्रहालयातील एका मार्गदर्शकाने मदतीला आलेल्या सैनिकांना त्या रिकाम्या चौकटींपुढून फिरविले, आणि कोणत्या चौकटीत काय होते ते सारे तोंडी वर्णन करून दाखविले. “आमचे काम तेच,” ती म्हणाली. “चौकट रिकामी असली तरी आत काय होते ते सांगत राहायचे.”

या शहराचा जन्मच मुळी बाहेरच्या जगाकडे पाहण्याच्या इच्छेतून झाला. १७०३ मध्ये पीटर द ग्रेटने नेवा नदीच्या मुखाशी, दलदलीच्या भूमीत, हजारो वेठबिगारांच्या प्राणांचे मोल देऊन ते वसविले. युरोपकडे उघडणारी खिडकी असे त्याचे वर्णन पुढे रूढ झाले. १९१४ मध्ये ते पेत्रोग्राद झाले, १९२४ मध्ये लेनिनग्राद, आणि १९९१ मध्ये पुन्हा सेंट पीटर्सबर्ग. नावे बदलली, राजवटी बदलल्या, पण खिडकी हा त्या शहराचा स्वभाव पुरता कधी गेला नाही.

आपल्यालाही ती खिडकी अगदीच अपरिचित नाही. संस्कृतचा अभ्यास करणारांना ‘पीटर्सबर्ग कोश’ माहीत असतो. बोटलिंक आणि रोट या पंडितांचा तो सात खंडांचा संस्कृत-जर्मन कोश १८५५ ते १८७५ या काळात याच शहरातील विज्ञान अकादमीने प्रसिद्ध केला. बौद्ध विद्येचे आपल्याकडील थोर उपासक, गोव्याच्या साखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी १९२९ मध्ये लेनिनग्रादला पाली शिकविण्यासाठी गेले, आणि परत येऊन १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात सामील झाले. अण्णाभाऊ साठे १९६१ मध्ये सोव्हिएत देशात जाऊन आले, आणि त्यांच्या प्रवासवर्णनामुळे ज्यांना जिल्ह्याबाहेर जाणेही परवडत नव्हते अशा वाचकांना रशिया डोळ्यांपुढे दिसला. स्वस्त दरात मिळणारी मराठीतील सोव्हिएत पुस्तके आमच्या पिढीतील अनेकांच्या घरी होती. माझ्या वडिलांच्या कपाटात त्यांची एक रांगच होती. त्या पुस्तकांत प्रचाराचा भाग किती आणि साहित्याचा किती, हा वाद वेगळा. परंतु शिक्षकाच्या पगारात परदेश पाहणे अशक्य असलेल्या माणसाला त्यांनी एका शहराच्या रस्त्यांची नावे पाठ करून दिली, एवढे खरे.

माझ्या विषयाच्या दृष्टीने मात्र या शहराचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. वासिली लिओंतिएफ हे येथील विद्यापीठाचे विद्यार्थी. ते १९२५ मध्ये देश सोडून गेले, आणि उद्योगांच्या परस्परावलंबनाचे कोष्टक मांडणाऱ्या त्यांच्या पद्धतीसाठी त्यांना १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लिओनिद कांतोरोविच हे तर १९१२ मध्ये याच शहरात जन्मले आणि येथेच प्राध्यापक झाले. प्लायवूडच्या कारखान्यांत कोणत्या यंत्रावर कोणता लाकूडमाल किती वेळ चालवावा, असा एक रुक्ष व्यवहारी प्रश्न त्यांच्यापुढे आला. त्याचे उत्तर शोधताना त्यांनी १९३९ मध्ये ज्या गणिती पद्धतीचा पाया घातला, तिलाच आज आपण रेषीय प्रयोजन म्हणून ओळखतो. १९७५ चे नोबेल पारितोषिक त्यांना कूपमान्स यांच्यासह मिळाले.

या पद्धतीत एक संकल्पना आहे. इंग्रजी संज्ञेवरून आपण तिला ‘छाया किंमत’ म्हणतो. कांतोरोविच यांनी तिला वेगळे नाव दिले होते. ती समजावयास अवघड नाही. पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरलेली असताना एक घागर पाणी अधिक मिळाले काय किंवा कमी मिळाले काय, घरच्या व्यवहारात काहीच फरक पडत नाही. अशा वेळी त्या घागरीची छाया किंमत शून्य असते. मे महिन्यात विहिरीने तळ गाठला की तीच एक घागर गुरे जगणार की मरणार हे ठरविते. बाजारात पाण्याला भाव असो वा नसो, तिची छाया किंमत तेव्हा अफाट वाढलेली असते. जे विपुल आहे त्याची किंमत दिसत नाही. मर्यादा आड आली की ती एकदम प्रकट होते.

ज्या शहरात ही कल्पना जन्मली त्या शहरालाच पुढे तिचा अर्थ शरीराने समजून घ्यावा लागला. ८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४ असे सुमारे ८७२ दिवस लेनिनग्रादला जर्मन फौजांचा वेढा पडला होता. २० नोव्हेंबर १९४१ पासून डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम, आणि कारकून, वृद्ध व मुले यांना १२५ ग्रॅम पाव मिळत असे. तोही निव्वळ धान्याचा नसे. त्यात भुसा आणि लाकडाचा लगदा मिसळलेला असे. गोठलेल्या लादोगा सरोवरावरून मालमोटारी हाकून शहराला जगविण्याचा प्रयत्न झाला. वेढ्यातील मृतांची संख्या साडेसहा लाखांपासून दहा लाखांपर्यंत सांगितली जाते. सेंट आयझॅक चौकातून बस जात असता मार्गदर्शिकेने एका इमारतीकडे बोट केले. ती वाविलोव यांनी नावारूपास आणलेली वनस्पतिसंशोधन संस्था. वेढ्याच्या काळात तेथे जगभरातून जमविलेले बियाण्यांचे लाखावर नमुने होते. ते राखणारे अनेक संशोधक उपासमारीने मेले, पण त्यांनी त्या बियाण्यांना हात लावला नाही. भाताच्या वाणांचे अभ्यासक द्मित्री इवानोव तांदळाच्या पुड्यांनी भरलेल्या कपाटांच्या सान्निध्यात भुकेने गेले. आणि ज्यांनी हा संग्रह उभारला ते निकोलाय वाविलोव, स्वतःच्याच राज्यकर्त्यांचे कैदी म्हणून, १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात मरण पावले.

दुपारी आम्ही एका उपाहारगृहात जेवलो. जेवण झाल्यावर टेबलावर पावाचे बरेच तुकडे उरले होते. आमच्या बाईने ते कागदी रुमालात गुंडाळले आणि पिशवीत ठेवले. मी पाहतो आहे हे ध्यानात येताच ती थोडी ओशाळली. तिची आई वेढ्यातून वाचलेली होती. “आईच्या घरी पाव टाकण्याची परवानगी नव्हती. आता आई नाही, पण हाताची सवय जात नाही.” मग तिने उरलेल्या पावाची एक चकती सुरीने कापून माझ्यापुढे धरली. “एवढा. हा सकाळचा, दुपारचा आणि रात्रीचा.” छाया किंमत वर्गात मी कित्येक वर्षे फळ्यावर काढून दाखविली होती, ती हातावर ठेवलेली प्रथमच पाहिली.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी धक्क्यावर निरोप घेताना ती म्हणाली, “दोन दिवसांत तुम्ही राजवाडे पाहिलेत. शहर पाहावयाचे तर हिवाळ्यात या, आणि जहाजाने येऊ नका.” मी ‘अवश्य येईन’ म्हटले. प्रवासात असे म्हणण्याची रीतच असते.

२०२० आणि २०२१ हे दोन हंगाम साथीच्या रोगाने बुडविले. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, आणि त्यानंतर काही दिवसांतच मोठ्या जलपर्यटन कंपन्यांनी सेंट पीटर्सबर्ग आपल्या मार्गांतून वगळले. मार्चअखेर हेलसिंकीहून साडेतीन तासांत तेथे पोहोचविणारी रेल्वे बंद झाली. एप्रिल २०२३ मध्ये फिनलंड आणि मार्च २०२४ मध्ये स्वीडन ‘नाटो’चे सदस्य झाले. पीटरने उघडलेली खिडकी बाहेरून लोटली गेली हे खरे. परंतु तिला पहिला धक्का आतून बसला होता, हेही तितकेच खरे आहे.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगणे आवश्यक आहे. बंद झालेल्या सहलींविषयीची हळहळ ही घरे गमावलेल्यांच्या दुःखाशेजारी मांडण्याची वस्तू नव्हे. २०२२ च्या वसंत ऋतूत अझोव समुद्रावरील मारिउपोल या युक्रेनियन बंदराला रशियन फौजांनी वेढा घातला. तेथील लोक पाणी, अन्न आणि औषध यांवाचून तळघरांत राहिले, आणि मे महिन्यात ते शहर पडले. ज्या राष्ट्राने लेनिनग्रादच्या वेढ्याची स्मृती इतक्या निष्ठेने जपली, त्याच राष्ट्राच्या सैन्याने दुसऱ्या एका बंदराभोवती वेढा आवळावा, याहून दारुण विसंगती शोधून सापडणार नाही. अशा वेळी त्या राष्ट्राच्या राजवाड्यांतून हिंडण्याची इच्छा पाश्चात्त्य प्रवाशांना झाली नाही तर त्यांना दोष कसा द्यावा?

जलपर्यटनाचे फार कौतुक करण्याचेही कारण नाही. प्रवासी जहाजावरच झोपतो, बहुधा जहाजावरच जेवतो. त्याच्या खर्चाचा मोठा भाग कंपनीकडे जातो आणि बंदराच्या वाट्याला शुल्क, सहलीचे दर आणि लाकडी बाहुल्यांची विक्री एवढेच येते. दोन दिवसांत पाहिलेल्या शहराची ओळख ती काय? शिवाय परस्परांकडे येणे-जाणे आणि व्यापार वाढला की युद्धे आपोआप टळतील, ही अठराव्या शतकापासूनची श्रद्धा २०२२ मध्ये पुन्हा एकदा खोटी ठरली. युरोप रशियाचा वायू घेत होता, रशिया युरोपच्या प्रवाशांना घेत होता, आणि तरीही रणगाडे निघालेच.

मग गेले काय? हा प्रश्न त्याच आखातात दुसऱ्या बाजूने पाहिला म्हणजे अधिक स्पष्ट होतो. सेंट पीटर्सबर्गच्या दोन बाजूंना प्रिमोर्स्क आणि उस्त-लुगा ही तेलाची बंदरे आहेत. प्रवासी जहाजे यावयाची थांबली तरी या बंदरांतून तेलवाहू जहाजे निघतच राहिली. युद्धापूर्वी भारताच्या कच्च्या तेलाच्या आयातीत रशियाचा वाटा अवघा दोन टक्क्यांच्या आसपास होता. सवलतीच्या दराने तेल मिळू लागल्यावर २०२३-२४ मध्ये तो एक तृतीयांशाच्या वर गेला. डिसेंबर २०२२ मध्ये पाश्चात्त्य राष्ट्रांनी या तेलाला पिंपामागे ६० डॉलरची कमाल मर्यादा घातली. तिचा हेतूच असा होता की तेल बाजारात येत राहावे, पण त्यावरील रशियाचे उत्पन्न घटावे. म्हणजे मालाच्या बाबतीत सर्वांनीच अतिशय काळजीपूर्वक हिशेब केला. एक पिंप कमी आले तर भाव किती चढेल हे मोजणारे तज्ज्ञ होते. माणसांचे येणे-जाणे थांबले तर काय होईल हे मोजणारा मात्र कोणीही नव्हता. कारण त्या वस्तूला बाजारभाव नाही.

परंतु बाजारभाव नसला म्हणजे किंमत नसते असे नाही, हाच तर कांतोरोविच यांचा धडा. माणसांच्या परिचयाची छाया किंमत शांततेच्या काळात शून्याजवळ असते. दोन दिवसांच्या सहलीने जगाचे काय भले होणार, असे आपण तेव्हा म्हणू शकतो. युद्धाच्या काळात मात्र हाच परिचय दुर्मिळ होतो आणि त्याचे मोल वाढते. त्यामुळे युद्ध थांबत नाही. पण त्यामुळे राज्यकर्ता आणि प्रजा, सैन्य आणि शहर, यांच्यातील भेद आपल्या मनात शाबूत राहतो. ‘रशियन’ म्हटल्यावर ज्याच्या डोळ्यांपुढे केवळ नकाशावरील बाण येतात, त्याला सगळा देशच शत्रू वाटू लागतो किंवा सगळा देशच मित्र. ज्याच्या डोळ्यांपुढे कागदी रुमालात पाव गुंडाळणारे हात येतात, त्याला या दोन्ही सोयीस्कर समजुती स्वीकारता येत नाहीत. तो त्या बाईचाही विचार करतो, आणि तिच्याच वयाच्या, मारिउपोलच्या तळघरात बसलेल्या दुसऱ्या बाईचाही.

भारतीयांना ही दारे पूर्णपणे बंद झालेली नाहीत. ऑगस्ट २०२३ पासून आपल्या नागरिकांना रशियाचा ई-व्हिसा मिळू लागला. त्यामुळे आपली जबाबदारी कमी होत नाही, वाढतेच. सरकारी पातळीवरील मैत्री आणि स्वस्त तेल यांनाच आपण रशियाशी असलेला संबंध म्हणू लागलो, तर तो संबंध अत्यंत दरिद्री होय. धर्मानंद कोसंबी तेथे तेल आणावयास गेले नव्हते. तेलाच्या सवलतीतून जो पैसा वाचला, त्याचा अल्पसा अंश जरी रशियन आणि युक्रेनियन अशा दोन्ही भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, अनुवादकांसाठी, विद्यापीठांतील देवाणघेवाणीसाठी राखून ठेवला, तरी त्याचे उत्पन्न पुढील पिढीला मिळेल. २०२२ मध्ये युक्रेनमधील वैद्यकीय विद्यार्थ्यांना घेऊन विमाने परतली, तेव्हा आपली किती मुले तेथे होती हे अनेकांना प्रथमच कळले. त्या मुलांना त्या देशाविषयी, तेथील घरमालकिणींविषयी, शिक्षकांविषयी काय वाटते, हे मात्र आपण फारसे विचारले नाही. एका देशाच्या ओळखीचा तो केवढा साठा होता! विहीर भरलेली असताना आपण तिच्याकडे पाहत नाही, याचे हे आपल्या घरातलेच उदाहरण.

त्या मार्गदर्शिकेचे पुढे काय झाले हे मला ठाऊक नाही. जहाजे थांबली तेव्हा हातात पाटी धरणाऱ्यांचे कामही गेले असणार. ती युद्धाविषयी काय विचार करते, हे विचारण्याचा मला अधिकार नाही. आणि ज्या देशात त्याचे उत्तर उघडपणे देणे हा गुन्हा ठरू शकतो, तेथे तो प्रश्न विचारणे हेही औदार्याचे लक्षण नव्हे. मात्र वर्गात छाया किंमत शिकविण्याची वेळ आली की मी आता पाण्याच्या घागरीबरोबर १२५ ग्रॅम पावाचेही उदाहरण देतो. मुले आधी आकडा लिहून घेतात. मग एखादा विद्यार्थी विचारतो, “सर, एवढा म्हणजे केवढा?” तेव्हा मी हाताने तेवढी चकती दाखवितो, आणि ते शहर कोठे आहे, तेथे काय होते, हे सांगत राहतो. हिवाळ्यात येण्याचा शब्द मी दिलेला आहे. तो अजून माझ्याकडे बाकी आहे.